परड्याचा सातबारा

शेतीचा इतिहास शोधायचा म्हटलं की माणूस आधी तलाठ्याचं दप्तर गाठतो. सातबारा बघतो, फेरफार बघतो, कुठला तुकडा कुणाकडनं कुणाकडं गेला ते जुळवत बसतो. आमच्या घराचेही असले कागद ट्रंकेत आहेत. माळाची जमीन आहे, मळीची आहे, एका बांधावरनं चाललेल्या भांडणाचे तर दोन पिढ्यांचे कागद आहेत. पण आमच्या घरानं जी जमीन वर्षाचे बाराही महिने कसली, एक दिवस पडीक ठेवली नाही, तिच्याबद्दल या ट्रंकेत चिठोरंसुद्धा नाही. ती जमीन म्हणजे घरामागचं परडं.

सातबारा असतो शेतजमिनीचा. गावठाणातल्या जागेला तो नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला घरपट्टीपुरती नोंद असते. आमच्या नोंदीत आजोबांचं नाव आहे, कौलारू घर म्हणून लिहिलं आहे आणि पुढं दोनच शब्द आहेत : खुली जागा. ही खुली जागा दीड गुंठ्याची. तिच्यात अळूचं आळं होतं, केळीचं बेट होतं, हळदीचा वाफा होता, शेवगा होता, लिंबू होतं, दोडक्याचा मांडव होता, उकिरडा होता, कोंबड्यांचं खुराडं होतं. एवढं सगळं असून लिहिणाऱ्याला ती खुली दिसली. त्याला तरी काय म्हणायचं? ज्या पिकाला सारा नाही, पीककर्ज नाही, बाजार समितीची पट्टी नाही, ते पीक कागदाला दिसत नाही. आणि ते बायकांच्या हातचं असलं तर घरातल्या पुरुषांनाही फारसं दिसत नाही.

पुस्तकात याला परसबाग म्हणतात. आमच्या करवीर-हातकणंगल्याकडं परडं. बाग म्हटलं की डोळ्यांपुढं फुलं येतात आणि माळी येतो. परड्यात माळी नसतो. चुलीवर आमटी उकळत ठेवून बाई मागच्या दारानं बाहेर पडते, कढीपत्त्याची दोन डहाळं आणि चार हिरव्या मिरच्या तोडून आमटी उतू जायच्या आत परत येते, ते परडं. म्हणून कढीपत्ता दाराशी आणि उकिरडा लांब, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. ज्याला दिवसातनं चारदा हात लागतो ते पायरीजवळ, ज्याला आठवड्यातनं एकदा लागतो ते मधे आणि ज्याला वर्षातनं एकदाच हात लावायचा ते कुसवाला. शेवगा आणि हादगा असे कुसवाला असायचे.

आमचं गाव कोल्हापूर शहराला लागून. इकडं थंडी पडते, दव पडतं, पण पाला करपवणारं हिम पडत नाही. नाशिककडं निफाडला पहाटे दव गोठतं आणि द्राक्षवाल्यांची झोप उडते, तसली धास्ती आमच्या परड्याला कधी नव्हती. पाऊस भरपूर, ऊन भरपूर. अडचण एकच, दिवाळीनंतरचं पाणी. शेताला नदीचं आणि विहिरीचं पाणी होतं. शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं, त्याचं पुण्य आमच्या उसानं पुढं भरपूर खाल्लं. पण गावठाणात घराघरामागं पाट काढून कोण देणार? परड्याला पाणी मिळायचं ते घरानं एकदा वापरलेलं. सगळं परडं उभं होतं ते या वापरलेल्या पाण्यावर.

न्हाणी मागच्या दाराला लागून असायची. आंघोळीला एक मोठा दगड, त्याच्या खालनं पन्हळ. न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं पाणी पन्हळीतनं पहिल्यांदा अळवात जायचं. अळूला पाय कायम ओला लागतो आणि घाण पाण्याचं त्याला वावडं नाही. खरकटं आणि राखेचा गाळ अळवातच बसायचा. तिथनं निवळलेलं पाणी केळीला. केळ म्हणजे खादाड झाड, मिळेल तेवढं पाणी पितं. केळीच्या सावलीला हळद आणि आलं, कारण त्यांना दुपारचं ऊन सोसत नाही. त्याच्या पुढं थेंब उरला तर लिंबाला. घड उतरला की केळीचा बुंधा कोयत्यानं तोडून, त्याच्या चकत्या करून अळवातच टाकायच्या. तिथं त्या कुजायच्या आणि तिथली माती इतकी भुसभुशीत व्हायची की पोरांनी गांडुळं काढायला तिथंच जायचं.

आमची थोरली आत्ती म्हणायची, "आरं, पाण्याला पाय असत्यात. त्येला वाट दावली की त्ये कामाला जातंय, न्हाई दावली की दारात बसून वास मारतंय." सांडपाण्याच्या नियोजनावर पुढं मी सरकारी शिबिरात दोन तासांची भाषणं ऐकली. आत्तीच्या या एका वाक्यापलीकडचं त्यात थोडंच होतं.

या आत्तीबद्दल जरा लिहायला पाहिजे. ती ऐन विशीत विधवा झाली आणि माहेरी परत आली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला होता. पण तो मागायला सासरच्या दारात कोण जाणार आणि कोर्टाची पायरी कोण चढणार? माहेरच्या जमिनीत तर तिचं नावही नव्हतं. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात 1994 साली आला आणि साऱ्या देशाला लागू झाला तो 2005 साली. तोवर आत्तीचे दिवस संपत आले होते. म्हणजे कागदाच्या हिशेबानं ती जन्मभर भूमिहीन.

पण परड्यात तिचा शब्द चालायचा. कुठल्या वाफ्यात काय लावायचं, कुठला भोपळा बियाला ठेवायचा, शेजारणीला अळूचे कंद द्यायचे का नाही, हे सगळं तिच्या मनावर. माझे वडील शेतातले कारभारी, पण परड्यातलं लिंबू तोडायचं तरी तिला विचारून. आठवड्यातनं दोनदा ती डोक्यावर पाटी घेऊन चालत कोल्हापूरला जायची. पाटीत अळूच्या जुड्या, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, कधी केळीची पानं. कपिलतीर्थाच्या मंडईत कडेला बसून विकून यायची. त्या पैशाचा हिशेब घरात कुणी विचारला नाही, कारण तो पैसा आहे असंच कुणाला वाटत नव्हतं. तिचं लुगडं त्यातनं आलं, तिची पंढरीची वारी त्यातनं झाली. 1976 साली मी दहावीला बसलो. उसाचं बिल यायचं होतं आणि घरात रोकड नव्हती. माझ्या परीक्षेची फी आत्तीनं कनवटीच्या पैशातनं भरली. माझं जे काही शिक्षण झालं त्यातला तो भाग अळूचा आहे.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. मराठवाडा, नगर, सोलापूरकडं जे हाल झाले ते आमच्याकडं नव्हते, पण धान्य महाग झालं आणि रेशनवरची लाल मिलो आम्हीही खाल्ली. त्या वर्षी कोरड्यास म्हणून शेवग्याचा पाला, अळू आणि भोपळ्याचे कोवळे शेंडे आलटून पालटून असायचे. माळावर कुसळ नव्हतं, पण न्हाणीमागं हिरवं होतं. माणसं आंघोळ करत होती, भांडी घासली जात होती, तोवर अळू जगणार होतं.

आता झाडांचा इतिहास. आपण सहज म्हणतो, परड्यातलं ते गावरान, आपलं, पिढ्यान्‌पिढ्याचं. पण एकेका झाडाला त्याचं गाव विचारलं तर गंमत होते. वांगं, दोडका, काकडी, पावटा, शेवगा, हळद, कढीपत्ता ही मंडळी आपल्या मुलखातली किंवा फार जुनी. पण मिरची, टोमॅटो, पपई, पेरू, लाल भोपळा, श्रावणघेवडा, रताळं ही सगळी अमेरिका खंडातनं आलेली. 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला, 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यानंतर यातली बरीचशी त्यांच्या जहाजांतनं किनाऱ्याला लागली, मग घाट चढून वर आली. आज मिरचीशिवाय कोल्हापूरचं नाव घेता येत नाही, ती मिरचीसुद्धा पाहुणीच. मग ती आपली झाली कशी? कुणीतरी पहिली मिरची वाळवली, बी काढून घेतलं आणि पुढच्या मृगाला परड्यात टाकून बघितलं. शेतात असला खेळ कुणी करत नाही, शेतावर पोट असतं. नवं बी पहिल्यांदा परड्यात उतरतं. तिथं ते जगलं, घराला चव पटली, तरच पुढं शेताच्या बांधावर जातं. आमच्याकडं तरी मी हेच बघितलं. शेतीखात्याचं संशोधन केंद्र व्हायच्या आधीपासून घरोघरी ही केंद्रं चालू होती.

आणि हे बी फिरायचं कसं? लग्नांतनं. आमच्या परड्यातला काळा घेवडा आईनं गडहिंग्लजकडच्या माहेराहून आणला होता. पांढरं कारलं थोरल्या चुलतीबरोबर आलं. माझी बहीण सासरी जाताना आत्तीनं तिच्या ओटीबरोबर फडक्यात बांधून दोडक्याचं बी दिलं. भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला लावलेलं असायचं, घेवड्याचं राखेत घोळून मडक्यात. रोहिणी निघाल्या की भिंतीवरची शेणी फोडायची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती असलंच गावठी बी जपल्याबद्दल. टीव्हीवर त्यांची मडकी आणि डबे बघितले तेव्हा माझ्या बायकोनं नुसती मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं ते बियांचं नाही, बक्षीस मिळाल्याचं.

परड्यातलं हे शहाणपण पुस्तकात कधी आलं, तेही सांगतो. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1905 साली पुसाच्या संस्थेत आले. पुढं 1924 पासून होळकरांच्या इंदुरात त्यांनी काम केलं आणि काडीकचरा, शेण, मूत, राख थरावर थर देऊन खत करायची रीत बसवली. तीच ती इंदूर पद्धत. इथले शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले गुरू, असं त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. गोरा साहेब आपल्या उकिरड्याजवळ उभा राहून शिकला, आणि मग आपण त्याच्या पुस्तकातनं उकिरडा शिकलो.

आमच्या कोल्हापुरातच प्रा. श्री. अ. दाभोलकर होते. माणूस गणिताचा, पण त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि तासगावच्या द्राक्षवाल्यांना पानं मोजायला शिकवलं. त्यांचं म्हणणं, पीक हे उन्हाचं साठवण आहे. जमीन किती यापेक्षा त्या जमिनीवर पडणारं ऊन किती पानांनी धरलं, हे मोजा. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे नीट कसले तर पुरतात, हा त्यांचा हिशेब होता. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. ऐकून आमच्या गावात लोक हसले होते. पण मांडवावर दोडका, मांडवाखाली हळद आणि जमिनीलगत पुदिना असं तीन मजली ऊन धरलेलं परडं ज्यानं बघितलंय, त्यानं हसायचं कारण नव्हतं.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1991 साली शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेती मांडली. त्यातलं पहिलं अंग होतं सीताशेती. बाईनं आपल्या हक्काच्या छोट्या तुकड्यावर, बाहेरचं काही विकत न आणता, घरचं बी आणि घरचं खत वापरून केलेली शेती. त्याच सुमाराला लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन चाललं होतं, नवऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यायचा. या दोन गोष्टी एका माणसाला एका वेळी सुचल्या हे मला फार मोलाचं वाटतं. बी आणि पाणी बाईच्या हातात आणि कागद मात्र बाप्याच्या नावावर, ही गाठ त्यांनी बरोबर ओळखली होती.

आणि आता आलंय पर्माकल्चर. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे बिल मॉलिसन आणि त्यांच्याबरोबरचा तरुण विद्यार्थी डेव्हिड होमग्रेन, या दोघांनी 1978 साली पहिलं पुस्तक काढलं. पर्मनंट आणि अॅग्रिकल्चर हे दोन शब्द जोडून त्यांनी हा शब्द केला. माझ्या पुतण्यानं पुण्याकडं पैसे भरून त्याचा वर्ग केला आणि वही मला वाचायला दिली. त्यात घरापासनं अंतरानुसार जागेचे पट्टे पाडलेत, रोज लागणारं दाराशी, कधीतरी लागणारं लांब. खड्ड्यात काडीकचरा भरून भोवती केळी आणि पपई लावायचं चित्र आहे, त्यात न्हाणीचं पाणी सोडायचं. मी वही वाचून परत दिली आणि म्हटलं, "बाबा, ह्यो आपल्या आत्तीचा मोरीचा खड्डा." पण मी त्या पुस्तकवाल्यांना नावं ठेवणार नाही. त्यांनी जंगलाकडं आणि जुन्या लोकांच्या रीतींकडं बघून हे जुळवलं आणि तसं सांगितलंही. आमच्याकडं तर ते चालू असताना कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून ते विकत घ्यायची पाळी आली.

ते गेलं कसं, हे मात्र नीट सांगायला पाहिजे, कारण लोक उगीच म्हणतात की नव्या सुना आळशी झाल्या. सुना आळशी नाहीत. पहिल्यांदा पाणी गेलं. घरात नळ आला हे चांगलंच झालं, बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली. पण वापरलेल्या पाण्यासाठी रस्त्याकडेला सिमेंटची गटार आली. मागच्या दाराला जाणारं पाणी पुढच्या दारानं गटारीत गेलं आणि गटारीतनं पंचगंगेत. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, त्यात शोषखड्डे काढा, सांडपाण्यावर परसबाग करा, हे सांगितलं होतं. वर्षभर गावानं उत्साहानं केलंही. पण स्पर्धा संपली की बक्षिसाबरोबर खड्डेही बुजले. दुसरं म्हणजे दारातली जनावरं गेली, म्हणजे शेण गेलं. चुली जाऊन गॅस आला, म्हणजे राख गेली. धुराचा त्रास गेला याचं मला बरंच वाटतं, पण घेवड्यावरच्या माव्याचं औषधही तिच्याबरोबर गेलं. तिसरी गेली जागा. भावाभावांच्या वाटण्यांत घर वाढलं ते मागं वाढलं, आणि परड्यावर स्लॅब पडला.

2017 साली शहराच्या भोवतालच्या 42 गावांचं प्राधिकरण झालं. हद्दवाढ हवी का नको, यावर आमच्याकडं कितीतरी मोर्चे निघाले, चावडीवर अजून वाद चालतो. पण परड्याच्या दृष्टीनं शहर आधीच येऊन पोचलंय. नवी घरं दोन-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर आहेत. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. दोन गुंठ्यांत घर बांधून चारी बाजूला जी जागा राहते तिथं फरशी घालतात, कारण चिखल नको. जून ते सप्टेंबर त्या फरशीवरनं पाऊस वाहून जातो आणि एप्रिलमध्ये तेच घर टँकर मागवतं.

मी हिशेब घालून बघितला. 2019 च्या जलजीवन मिशननं गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरलंय. पाच माणसांच्या घराचे 275 लिटर. वर्षाचे एक लाख लिटर होतात. संडासाचं पाणी आणि पिण्या-स्वयंपाकाचं सोडून निम्मं धरलं, तरी पन्नास हजार लिटर आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी दरवर्षी एकेक घर गटारीला दान करतं. पाच केळी, एक पपई, एक शेवगा, अळूचं आळं आणि दाराशी कढीपत्ता एवढ्याला याचा थोडाच भाग लागतो. आताच्या पाण्यात फरक एवढाच, की आत्तीच्या वेळी शिकेकाई आणि राख होती, आता साबणाची पावडर आहे. म्हणून कपड्यांचं पाणी रोज एकाच आळ्यात सोडू नये. ते केळी-पपईकडं फिरवावं, पालेभाजीला सोडू नये. फरशी धुवायचं अॅसिड-फिनेल तर गटारीतच जाऊ दे. आणि पावसाळ्यात परड्याला स्वच्छ पावसाचं पाणी भरपूर मुरू द्यावं, म्हणजे साठलेला क्षार खाली जातो. आमच्या भागात जादा पाण्यानं उसाची रानं फुटून पांढरी झालेली आम्ही बघितलीत, क्षाराचं सोंग आम्हाला नवं नाही.

2020 पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी चाललीय. घरोघरी मिळकत पत्रिका मिळते. म्हणजे आजवर जिला कागद नव्हता त्या परड्याला पहिल्यांदाच कागद मिळणार. माझ्यासारख्याला ही मोठी गोष्ट वाटते आणि थोडी धास्तीही वाटते. कागद झाला की जागेची किंमत होते, किंमत झाली की गिऱ्हाईक येतं. आणि त्या कागदावर नाव कुणाचं लागणार? घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचा शासन निर्णय आपल्याकडं आधीच झालेला आहे, पण गावात अजून बहुतेक उताऱ्यांवर एकच नाव दिसतं. जिनं दीड गुंठा पन्नास वर्षं हिरवा ठेवला तिचं नाव यावेळीही सुटलं, तर खुली जागा लिहिणाऱ्या त्या जुन्या कारकुनात आणि आपल्यात फरक काय? आमच्या घरी मी पोरांना सांगून ठेवलंय, अर्ज करताना सुनेचं नाव आधी घाला.

कागदाचं होईल तेव्हा होईल. तोवर घरातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ वही घेऊन बसा. मोरीचं पाणी कुठं कुठं जायचं, उकिरडा कुठल्या कोपऱ्यात होता, दोडक्याचं बी कुणाच्या माहेराहून आलं होतं, कुठल्या नक्षत्राला काय टोचायचं, एवढं लिहून घ्या. शेतांचे सातबारे तलाठ्याकडं मिळतील, परड्याचा सातबारा या बायकांच्या तोंडी आहे. आमच्या गावात तो सांगू शकतील अशा मी मोजल्या, तर अकरा राहिल्यात.